एक अंश तिरकं

बीलमध्ये रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर दोन नावं असतात, एक जर्मन आणि एक फ्रेंच. गावाचं नावही दुहेरी आहे. जर्मन बोलणाऱ्यांचं ते बील, फ्रेंच बोलणाऱ्यांचं बिएन. दुकानातली बाई आधी तुमचा 'नमस्कार' कुठल्या भाषेत येतो ते ऐकते आणि त्याच भाषेत पुढचं बोलते. माझा 'नमस्कार' इंग्रजीत गेल्यामुळे तिची पंचाईत झाली.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फाची शिखरं आणि त्यांच्यापुढे नाचणारे हिंदी सिनेमातले नायक-नायिका आठवतात. ते सगळं इथून दक्षिणेला. इथे आहे तो ज्यूरा, फ्रान्सच्या सीमेलगतची चुनखडीच्या डोंगरांची रांग. उंची बेताची, माथे गोलसर, उतारावर देवदारासारखी दाट झाडी आणि मधल्या दऱ्यांत कारखाने. ज्युरासिक कालखंडाचं नाव याच डोंगरांवरून पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने इथल्या चुनखडीला ते पहिल्यांदा वापरलं. डायनोसॉरांचे सिनेमे फार नंतरचे.

मी मात्र इथे भोकं बघायला आलो होतो. चौकोनी आणि षटकोनी भोकं.

वर्कशॉपशी ज्याचा संबंध आला नाही त्याला यात विशेष वाटणार नाही. पण फिरणाऱ्या ड्रिलने पडतं ते भोक गोल. त्याला कोपरे आणायचे तर काय करायचं? भोसरीच्या जुन्या शॉपमध्ये याची उत्तरं मी पाहिली होती. ड्रिल मारून कोपरे बारीक कानशीने काढायचे, किंवा जॉब स्लॉटिंग मशीनवर चढवून एकेक कोपरा छिलायचा, किंवा कडक केलेला पंच भोकावर धरून प्रेसने दाबायचा. भोक आरपार असेल तर दातेरी ब्रोच ओढून काढता येतो. पण तळ बंद असेल, स्क्रूच्या डोक्यातल्यासारखा, तर तोही मार्ग संपला. हॅरी वॉट्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चक्क चौकोनी भोक पाडणारं ड्रिल काढलं. तीन बाजू फुगीर असलेल्या त्रिकोणाच्या भूमितीवर ते चालतं, पण कोपरे किंचित गोल राहतात. बीलमध्ये नोकरी करणारा माझा भाचा वर्षभर सांगत होता, "मामा, इथे लेथवरच षटकोनी भोक पाडतात, चार सेकंदांत. येऊन बघा." मला ते अतिशयोक्त वाटायचं.

बीलला लोक घड्याळांसाठी ओळखतात. ओमेगाचा कारखाना १८८० पासून इथे आहे, रोलेक्सचाही आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र गावातली महत्त्वाची जागा म्हणजे हॉटेल एलिट. १९५८ च्या नोव्हेंबरात १३ स्विस शल्यचिकित्सक तिथे जमले आणि त्यांनी अस्थिभंगाच्या उपचारांचा अभ्यास करणारा एक गट स्थापन केला. त्याला एओ म्हणतात. त्यांचा म्होरक्या मॉरिस म्युलर याच गावात जन्मलेला. मोडलेलं हाड महिनोन्महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवलं की हाड जुळतं, पण सांधा आखडतो आणि स्नायू वाळतात. त्यापेक्षा हाड उघडून प्लेट आणि स्क्रूंनी घट्ट बांधावं आणि रोग्याला लवकर हलू द्यावं, हा त्यांचा आग्रह. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावातही ऑर्थोपेडिक डॉक्टर 'प्लेट टाकू' असं सहज म्हणतात, त्यामागे ही बैठक आहे.

डॉक्टरांकडे कल्पना होती, हत्यारं नव्हती. ती बनवून दिली बेटलाखच्या रोबेर्ट माथिस यांनी. बेटलाख म्हणजे बीलपासून काही मैलांवरचं, ग्रेंखेनला चिकटलेलं गाव. माथिस यांचं तिथे स्टेनलेस स्टीलमध्ये काम करणारं छोटं वर्कशॉप होतं. त्या स्क्रूंच्या डोक्यात सरळ खाच नव्हती, षटकोनी भोक होतं. मांडीच्या हाडासाठी वापरतात त्या ४.५ मिमी स्क्रूला ३.५ मिमीचा षटकोन. कारण साधं आहे. जखमेत सगळं ओलं आणि निसरडं असतं. सरळ खाचेतून स्क्रू ड्रायव्हर निसटला तर तो शेजारच्या मांसात घुसतो. षटकोनात तो नीट बसतो आणि हाताचा पूर्ण जोर स्क्रूला मिळतो. तुमच्या आजीच्या खुब्याजवळ किंवा शेजाऱ्याच्या नडगीत असा षटकोन असण्याची शक्यता बरीच आहे.

ग्रेंखेनहून गाडी साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. १९१५ साली हा बोगदा उघडला. शिरताना स्टेशनवरची घोषणा जर्मनमध्ये होते, बाहेर पडल्यावर फ्रेंचमध्ये. डोंगर ही भाषेची सीमा कशी असते ते इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पलीकडे मूत्ये. (हसू नका. सातव्या शतकात इथे मठ स्थापन झाला, त्यावरून हे नाव. या मठाचं नवव्या शतकातलं सचित्र बायबल आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.) गावाच्या दोन्ही टोकांना बिर्स नदीने चुनखडीचा डोंगर आडवा कापून अरुंद खिंडी केल्या आहेत. खडकांचे थर उभे झालेले, एखाद्याने पुस्तकांची चळत उभी करून ठेवावी तसे. मधल्या खोलगट भागात गाव, आणि गावात ठिकठिकाणी कारखान्यांच्या उंच खिडक्यांच्या इमारती.

मूत्येच्या भिंतींवर आणि खडकांवर ज्यूराचा लाल-पांढरा झेंडा रंगवलेला दिसतो. मराठी माणसाला या गावाचं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. १८१५ नंतर हा फ्रेंचभाषक मुलूख जर्मनभाषक बर्न कँटनला जोडला गेला. दीडशे वर्षांच्या कुरबुरीनंतर मतदान झालं आणि १ जानेवारी १९७९ रोजी ज्यूरा हा वेगळा कँटन निर्माण झाला. पण दक्षिणेकडच्या, प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या तालुक्यांनी बर्नमध्येच राहायचं ठरवलं आणि मूत्ये अगदी थोडक्या मतांनी तिकडे राहिलं. मग घरोघरी दोन तट. २०१७ साली पुन्हा मतदान झालं, ते रद्द ठरलं. मार्च २०२१ मध्ये परत मतदान झालं आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी ज्यूराच्या बाजूने कौल दिला. १ जानेवारी २०२६ पासून गाव ज्यूरात गेलं. बेळगावचा इतिहास माहीत असणाऱ्याला यातला भावनांचा भाग ओळखीचा वाटेल. अनोळखी वाटतो तो शेवट. गावाला विचारलं, मोजलं, फेरमोजलं, आणि सरहद्द हलवली.

या दऱ्यांत कारखाने कसे आले? हिवाळा लांब, जमीन पातळ, गाई सोडल्या तर पोट भरायला दुसरं साधन नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत शेजारच्या नशातेलच्या डोंगरात घड्याळाची कला आली आणि शेतकऱ्यांची घरं बर्फाच्या महिन्यांत कारखाने झाली. एकजण चाकं करायचा, दुसरा दांड्या, तिसरा स्क्रू. त्यासाठी खिडकीजवळचं टेबल आणि चांगली नजर पुरे. सगळे सुटे भाग एक व्यापारी गोळा करून जोडून घ्यायचा. घड्याळाचा स्क्रू मात्र हाताने करणं म्हणजे डोळ्यांची माती. १८७० च्या दशकात याकोब श्वाइत्सर या स्विस कारागिराने त्यावर एक युक्ती काढली. साध्या लेथमध्ये जॉब जागेवर फिरतो आणि टूल त्याच्या लांबीवर सरकतं. त्यामुळे लांब, बारीक जॉब टूलच्या दाबाने वाकतो. श्वाइत्सरच्या लेथमध्ये टूल लांबीच्या दिशेने सरकत नाही, सळई धरणारं हेडस्टॉकच पुढे सरकतं. सळई एका घट्ट बुशमधून बाहेर येते आणि बुशच्या तोंडाशीच कापली जाते. आधार आणि कापण्याची जागा यांत अंतरच उरत नाही, मग वाकणार कुठे? निकोलास युंकर यांनी १८८० साली मूत्येत कारखाना काढला आणि असे लेथ बनवले. पुढे त्यातून टॉर्नोस, आणि तिच्या जोडीला बेशलर आणि पेटरमान अशा तीन कंपन्या गावात उभ्या राहिल्या. एकाच गावात, एकाच प्रकारचं यंत्र बनवणाऱ्या तीन कंपन्या! कालांतराने तिन्ही टॉर्नोसमध्ये एक झाल्या. जगभरात या जातीच्या लेथला 'स्विस लेथ' म्हणतात.

गावात स्वयंचलित लेथांचं संग्रहालय आहे. तिथे मी अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ घालवला. ही जुनी यंत्रं कॅमवर चालतात. शाफ्टवर बशीएवढ्या लोखंडी चकत्या बसवलेल्या, प्रत्येकीची कड वेगळ्या वळणाची. शाफ्टचा एक फेरा पुरा झाला की एक स्क्रू तयार. म्हणजे त्या कडेच्या उंचसखलपणात अख्खा प्रोग्रॅम कोरलेला असतो. आपल्याकडच्या ट्रॉब मशीनवर काम केलेल्यांना हे नवं नाही. तरी कॅमचं गणित कागदावर करून, कड कानशीने घासून, शेवटचे हजारांश हातावर आणणारी सेटरांची पिढी इथे होती. त्यांची वह्या-पत्रकं पाहिली की सीएनसीने माणसाचं काय सोपं केलं आणि काय काढून घेतलं, दोन्ही कळतं.

संग्रहालयात छताखालचे लांब शाफ्ट आणि पट्टेही दिसतात. त्यांचा षटकोनी भोकाशी थेट संबंध आहे. जुन्या कारखान्यांत एका इंजिनावर असे शाफ्ट फिरायचे आणि त्यांवरच्या कप्प्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूंनी पक्क्या केलेल्या असायच्या. डोकं वर आलेलं, शाफ्ट गरगर फिरतोय. कामगाराची बाही त्यात अडकली की हात गेला, कधी जीव गेला. डोकंच नसलेला, आतून फिरवायचा स्क्रू हा त्यावरचा उपाय. कॅनडात पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू बाजारात आणला. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी १९१० साली षटकोनी खाच थंड पोलादात ठोकून घडवण्याचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजमध्ये जी ॲलन की असते, ती यांची. लाखोंनी लागणारे बोल्ट आजही असेच ठोकून घडवतात. पण काही हजार नग हवे असतील, धातू टायटॅनियमसारखा हट्टी असेल, किंवा षटकोन एखाद्या गुंतागुंतीच्या जॉबच्या मधोमध हवा असेल, तर ठोकणं परवडत नाही.

भाच्याच्या ओळखीने ज्या कारखान्यात गेलो तो गावाबाहेर, गाईंच्या कुरणाला लागून होता. मालकीणबाई तिसऱ्या पिढीतल्या. आजोबा घड्याळांचे स्क्रू करायचे. वडिलांच्या काळात क्वार्ट्झ घड्याळं आली. स्विस घड्याळ उद्योगात १९७० च्या आसपास सुमारे ९० हजार लोक होते, १९८० च्या दशकाच्या मध्यात जेमतेम ३० हजार उरले. ज्या शॉपनी घड्याळाचा हट्ट धरला ती बुडाली, ज्यांनी दंतवैद्य, हाडवैद्य आणि मोटारवाले यांची दारं ठोठावली ती तरली. इथे आता हाडांचे स्क्रू होतात. आत तेलाचा गोडसर वास होता. कूलंट म्हणून पाण्याचं मिश्रण न वापरता शुद्ध तेल वापरतात, आणि टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेऊ शकतो म्हणून प्रत्येक यंत्रात आग विझवणारी नळी बसवलेली.

सेटरने टूलचा होल्डर हातात दिला. मुठीएवढ्या लांबीचा, पुढे षटकोनी टूल. मी टूलला बोट लावलं तर ते सहज गरगर फिरलं. बेअरिंगवर मोकळं सोडलेलं! त्याला फिरवणारी मोटर नाही, किल्ली नाही, काही नाही. मग ते कापणार कसं?

उत्तर होल्डरच्या तिरकेपणात आहे. टूल ज्या अक्षावर मोकळं फिरतं, तो अक्ष लेथच्या अक्षाशी एक अंशाने कललेला असतो. फक्त टूलच्या तोंडाचा मध्यबिंदू बरोबर जॉबच्या मध्यावर येतो. फिरणाऱ्या जॉबला टूल टेकलं की जॉब त्याला आपल्याबरोबर ओढून फिरवतो. दोघांची गती एकच, त्यामुळे षटकोन जॉबच्या तुलनेत जागच्या जागी राहतो. पण कल असल्याने टूलची सगळी धार एकाच वेळी धातूत घुसत नाही. फरशीवर फिरवलेलं नाणं थांबण्याआधी डगमगतं तेव्हा त्याची कड एका जागी टेकलेली असते आणि ती जागा वर्तुळात पळत राहते, तसंच इथे होतं. एका क्षणी एक कोपरा कापतो, पुढच्या क्षणी शेजारचा. ३.५ मिमीच्या षटकोनात एक कोपरा समोरच्या कोपऱ्यापेक्षा जेमतेम ०.०७ मिमी पुढे असतो. तेवढं पुरतं. पंचाला सहाही कोपरे एकदम दाबायला जो प्रचंड जोर लागतो, त्याच्या थोड्याशा भागात काम होतं, म्हणून हलक्या लेथलाही हे झेपतं. टूलच्या बाजू मागे निमुळत्या घासलेल्या असतात, दीड अंशाच्या आसपास. कलापेक्षा निमुळतेपणा जास्त हवा, नाहीतर बाजू भोकाच्या भिंतीला घासतील.

मग त्याने यंत्र चालू केलं. आधी ड्रिल. ते ३.५ पेक्षा किंचित मोठं, आणि हव्या त्या खोलीपेक्षा जास्त खोल, कारण कापलेला कीस बाहेर येत नाही, तळाशी गोळा होतो. त्याला जागा लागते. मग तोंडाशी चॅम्फर, म्हणजे तिरपी कड, टूलला शिरकाव मिळावा म्हणून. मग ते षटकोनी टूल. मिनिटाला हजार फेरे आणि फेऱ्याला ०.०५ मिमी असं धरलं तर ३ मिमी खोलीला साठ फेरे, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या आसपास. मी कान टवकारून काहीतरी खडखडाट होण्याची वाट पाहत होतो. काहीच झालं नाही. टूल आत गेलं, बाहेर आलं. भिंगाखाली भोक पाहिलं तर सहा सरळ बाजू. तळाचा कीस तोडायला पुन्हा तेच ड्रिल एकदा फिरवलं.

"मामा, आता पटलं?" भाचा म्हणाला. पटलं. चार सेकंदही लागले नाहीत.

सेटरच्या मते सगळी कसोटी त्या मध्यबिंदूची. तो थोडा हलला की षटकोन मोठा पडतो, बाजू असमान येतात, टूलचा कोपरा उडतो. डायल लावून, चार बारीक स्क्रू मागेपुढे करून तो ते जमवतो. खोल भोकात टूल हळूहळू वळत जाऊन षटकोन पिळलेला निघू शकतो. मग काहीजण अर्ध्यात लेथ उलटा फिरवतात. भोकात तेल कोंडून टूलला मागे ढकलू नये म्हणून टूलच्या पोटातून बारीक वाट ठेवलेली असते. या गोष्टी कॅटलॉगमध्ये मिळतात. पण कुठल्या सळईला किती, हे त्याच्या वहीत होतं, पेन्सिलने लिहिलेलं.

अशी टूल आणि होल्डर आता पुण्यातही मिळतात, आपल्या सीएनसी शॉपमध्ये वापरतातही. त्यामुळे मला हेवा वाटला तो टूलचा नव्हे. यंत्राशेजारी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी मायक्रोमीटर घेऊन उभी होती. ती शिकाऊ. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकीचे इथे, पगारासह. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं शालेय शिक्षणानंतर अशी वाट धरतात आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. आपल्याकडे आयटीआयला गेलेल्या मुलाबद्दल नातेवाईक कुठल्या सुरात बोलतात ते आठवलं.

मूत्येहून गाडी बिर्स नदीच्या काठाने तिच्या उगमाकडे जाते. तावानजवळ रोमनांनी खडक फोडून केलेला रस्ता आहे, वर लॅटिन शिलालेख. तिथून बसने बेललेच्या मठापर्यंत गेलो. या मठाच्या भिक्षूंनी सुरू केलेलं चीज प्रसिद्ध, नाव 'भिक्षूचं डोकं'. ते कापत नाहीत, खरवडतात. दंडगोल चीजच्या मधोमध एक उभी दांडी खोचायची आणि तिच्यावर पातं बसवून गोल फिरवायचं. झालरीसारखी पातळ फुलं निघतात. हे यंत्र १९८२ साली लाझू गावच्या निकोला क्रेव्हॉइझिए यांनी काढलं आणि चीजचा खप वाढला. चीजलासुद्धा टर्निंग करणारा मुलूख!

शेवटचा मुक्काम सेंत-इमिए या गावी. लॉन्जिन्स घड्याळांचा कारखाना तिथल्या नदीकाठी पसरलेला आहे. त्याहून मला गंमत वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. सप्टेंबर १८७२ मध्ये जगातल्या अराज्यवाद्यांची परिषद याच गावात भरली होती. त्याच वर्षी रशियन सरदारपुत्र क्रोपॉट्किन ज्यूरात आला, घड्याळ कारागिरांमध्ये राहिला, आणि अराज्यवादी होऊनच गेला. घरी बसून, आपल्या वेळेने, आपल्या हत्यारांनी काम करणारी ही माणसं. बाकांवर बसून कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं आणि बाकीचे हात चालू ठेवून वाद घालायचे. मालकाची त्यांना फारशी गरज वाटत नव्हती, सरकारचीही नाही.

तुम्हाला हा उद्योग बघायचा असेल तर सम वर्षाच्या वसंतात मूत्येला जा. तेव्हा तिथे सूक्ष्म यंत्रकामाचं सियाम्स प्रदर्शन भरतं. जाणं जमणार नसेल तर घरातला एखादा ॲलन स्क्रू टॉर्चच्या उजेडात धरा. खाचेचा तळ सपाट किंवा उथळ असेल आणि बाजू सलग गुळगुळीत असतील तर तो ठोकून घडवलेला. तळाशी ड्रिलचा शंकू खोल दिसला, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर गोल भोकाची पुसट, उभी पट्टी राहिलेली दिसली, तर तो एक अंश तिरक्या टूलने कापलेला आहे.